संदर्भ : घरातले

पंचफुला गेल्याचं मला झेरॉक्सच्या दुकानात कळलं. दवाखान्याच्या खिडकीवर तिच्या आधार कार्डाची प्रत मागितली होती, म्हणून मी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं कार्ड काचेवर ठेवलं आणि विचारलं, "एक निकालूं या दो, साब?" तेवढ्यात फोन वाजला. आमच्या मुलीचा, रेणुकाचा होता. "बाबा, वर या," एवढं म्हणून ती रडायला लागली. मी दुकानदाराला "दो" म्हणालो. का म्हणालो ते सांगता येत नाही. पाटबंधारे खात्याच्या रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षं काढली, तिथं कुठल्याही कागदाची एकच प्रत कुणी ठेवत नाही. दोन्ही प्रती घेतल्या, सुटे पैसे परत घेतले आणि वर गेलो. खिडकीवरच्या माणसानं एक प्रत घेतली. दुसरी लागत नाही म्हणाला.

ही ऑगस्टमधली गोष्ट. मला सांगायचं आहे ते पुढच्या फेब्रुवारीतलं.

पंचफुलाच्या जलदानविधीच्या दिवसापासूनच लोक सल्ले देत होते. दुःखात माणसाला जेवण कमी जातं आणि सल्ले जास्त, असा माझा अनुभव आहे. वरच्या मजल्यावरचे हिम्मतराव सिटी बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "तातेराव, सकाळी माझ्यासोबत चालायला या. चालताना डोक्यात काही येत नाही." मी दोन दिवस गेलो. हिम्मतराव चालताना सतत बोलतात, त्यामुळं डोक्यात खरंच काही येत नाही. पण मला यायला हवं होतं. फेब्रुवारीत खालच्या इंदुताई म्हणाल्या, "वहिनींचा तो लॅपटॉप कुणाला तरी देऊन टाका, दादा. नुसता धूळ खातोय. समोर दिसला की जीव तुटतो." त्यांचा भाचा विजय कॉलेजला जाणार होता, हे त्यांनी नंतरच्या वाक्यात सांगितलं.

द्यायचा तर चालू आहे की नाही ते बघून द्यावा, म्हणून मी तो उघडला. सगळं तिथून सुरू झालं. पडद्यावर आलं, "पुन्हा स्वागत, पंचफुलाताई! एकशे नव्वद दिवसांनी तुम्हाला पाहून आनंद झाला."

मी झाकण बंद केलं. इंदुताईंना सांगितलं, चालू आहे, पण आत्ता देता येणार नाही.

पंचफुला टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. मराठी, तेलुगू, दखनी, इंग्रजी, जो जसा बोलेल तशी ती बोलायची. निवृत्त झाल्यावर ती रोज दुपारी लॅपटॉपवर काहीतरी लिहायची. सहा वर्षं लिहीत होती. ती रेसिपी बघते असं मला वाटायचं. कुणी विचारलं तर मी तसंच सांगायचो. खरी गोष्ट अशी की 'रानपान' नावाची एक जागा इंटरनेटवर आहे. तिथं कुणीही येऊन पालेभाज्यांची माहिती लिहितं आणि दुसरे ती दुरुस्त करतात. तिथं तिनं त्रेसष्ट पानं लिहिली होती. अंबाडी, चुका, घोळ, करडई, कुर्डू, चिवळ. कुठल्या भाजीला इकडे काय म्हणतात, नांदेडकडे काय म्हणतात, कधी येते, कशी निवडायची. प्रत्येक वाक्याखाली बारीक आकडा, आणि आकड्यावर बोट ठेवलं की ते कुणी सांगितलं ते दिसायचं. त्याला तिथं संदर्भ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लॅपटॉप उघडला, तेव्हा लाल चौकटीत नोटीस होती. तिच्या खात्यावर चारशे बारा दुहेरी संदर्भ आढळले होते. एका माणसाची नोंद एकदाच करायची आणि तीच सगळीकडे वापरायची, असा नियम. पंचफुलानं प्रत्येक वेळी नवी नोंद केली होती. तीस दिवसांत या नोंदी एकत्र केल्या नाहीत तर त्रेसष्ट पानं 'अविश्वसनीय' म्हणून झाकली जाणार होती.

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा असं काम समोर आलं होतं जे मला येतं. दुहेरी नोंदी हा माझा विषय. एकोणीसशे ब्याण्णव साली एकाच कालव्याच्या तीन फाईली मी एकत्र केल्या होत्या. त्याआधी खात्याच्या हिशेबी तिथं तीन कालवे होते. हे मी हिम्मतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मग दोन कालव्यांचं पाणी कुठं गेलं?" त्यांना रेकॉर्डचं काम कळत नाही.

आधी सरळ मार्गानं जावं म्हणून मी 'रानपान'च्या व्यवस्थापकांना कळवलं. हेमंत असं त्यांचं नाव, कुठले ते माहीत नाही. लिहिलं, की खातेदार माझी पत्नी होती, ती ऑगस्टमध्ये वारली, पुढचं काम मी करीन. तासाभरात उत्तर आलं. "अत्यंत दुःख झालं. ताईंचं काम मोलाचं आहे. कृपया निधनाचा संदर्भ जोडावा."

मी लिहिलं, मी स्वतः सांगतो आहे.

उत्तर आलं, "आपण जवळचे नातेवाईक असल्यानं आपलं म्हणणं स्वतंत्र संदर्भ म्हणून धरता येत नाही."

मी मृत्यूचा दाखला जोडला. इंटरनेट हळू होतं म्हणून बटण पुन्हा दाबलं. उत्तर आलं, "एका घटनेला एकच संदर्भ द्यावा. आपण दोन दिले आहेत." म्हणजे चारशे बाराचे चारशे चौदा झाले. माझा दाखला माझ्याच नावावर दुहेरी नोंद म्हणून लागला होता. त्या दिवशी मी जेवलो नाही, पण तो अपमान होता की दुःख, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कामाला लागलो. सगळ्यात मोठा गठ्ठा मल्लम्माचा होता. मल्लम्मा अंबरपेठच्या बाजारात पालेभाजी विकते. पंचफुला दर मंगळवारी तिच्याकडे जायची, बसने जायची, पिशवी भरून यायची. मल्लम्माच्या एकशे अठरा नोंदी होत्या. "मल्लम्मा, अंबरपेठ, उन्हात बसलेली." "मल्लम्मा, अंबरपेठ, दात दुखत होता, कमी बोलली." "मल्लम्मा, नातू झाला म्हणून पेढा दिला." "मल्लम्मा, आज घासाघीस केली नाही, तिनंही नाही, मीही नाही."

नियमाप्रमाणे संदर्भाला दात नसतात. नाव, गाव, व्यवसाय, बस. मी एकशे अठरा मल्लम्मांची एक मल्लम्मा केली. बटण दाबलं की बाकीच्या एकशे सतरा पडद्यावरून जात. दाबायच्या आधी मी त्या सगळ्या एका वहीत उतरवून घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सात दिवस लागले. हे काम पंधरा मिनिटांचं आहे, असं रेणुका कुकटपल्लीहून फोनवर म्हणाली. ती तिथल्या ऑफिसात अशीच कामं करते.

मग आलं "विद्यानगरचे एक गृहस्थ."

एकोणीस नोंदी. प्रत्येकीत फक्त एवढंच : विद्यानगरचे एक गृहस्थ. नाव नाही. या गृहस्थांनी सांगितलं होतं की अंबाडीला वरून लसणाची फोडणी दिली तर ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. कुर्डूची भाजी खाल्ली की झोप गाढ लागते. चुक्यात शेंगदाणे घातले की दात आंबत नाहीत. एकोणीस वेळा एक गृहस्थ माझ्या बायकोशी पालेभाजीवर बोलले होते, आणि आम्ही स्वतः विद्यानगरला राहतो. मी त्या वेळी कुठं होतो? खुर्चीत. मग हे गृहस्थ कुठं होते?

विद्यानगरमध्ये गृहस्थ पुष्कळ आहेत. पण गच्चीवर कुंड्या असलेले आमच्या इमारतीत एकच. हिम्मतराव पंचफुलाला कढीपत्ता आणून द्यायचे. "वहिनी, ताजा आहे," असं दारातून ओरडायचे. मी रेकॉर्डच्या पद्धतीनं विचार केला : बेवारस कागद जवळच्या फाईलला लावतात. वर जाऊन विचारता आलं असतं. पण मग "कधी बोललात, किती वेळ बोललात" हेही विचारावं लागलं असतं, आणि ते मला विचारायचं नव्हतं. एकोणीसही नोंदी मी हिम्मतरावांच्या नावावर चढवल्या. संपर्काच्या रकान्यात त्यांचा फोन नंबर भरला. रिकामा रकाना मी आयुष्यात कधी सोडलेला नाही.

संध्याकाळी हिम्मतराव पेढे घेऊन खाली आले. त्यांच्या फोनवर संदेश आला होता. "अभिनंदन! 'रानपान'वरील १९ विधानांचे आपण स्रोत आहात."

"म्हणजे काय असतं हे, तातेराव?"

"तुम्ही पंचफुलाला जे सांगितलं होतं, ते," मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो.

"हौ का?" ते विचारात पडले. "सांगितलं असेल. मी पुष्कळ सांगतो."

दोन दिवसांत त्यांनी ते पान छापून, प्लॅस्टिकमध्ये बसवून दारावर लावलं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पालेभाजी तज्ज्ञ'. इंदुताई रोज जाता-येता ते वाचायच्या आणि मला म्हणायच्या, "दादा, वहिनींच्या जिवावर लोक तज्ज्ञ झाले की हो." लोकांचे फोन येऊ लागले. हिम्मतराव कुणालाही नाही म्हणत नाहीत. बसमध्येही ते दारात लटकणाऱ्यांना "आओ, आओ" म्हणायचे. करीमनगरच्या एका बाईंनी विचारलं, अळू किती शिजवायचं? यांनी सांगितलं, "ताजं असेल तर दोन वाफा काफी." बाईंचा घसा दोन दिवस बसला. घसा उघडल्यावर त्यांनी 'रानपान'वर तक्रार केली.

हेमंत यांची नोटीस आली. स्रोत अविश्वसनीय असल्याचं दिसतं. एकोणीस विधानं आणि ती असलेली पानं का झाकू नयेत, याचा खुलासा चार दिवसांत द्यावा.

आता विचारणं भाग होतं. मी वर गेलो.

"हिम्मतराव, खरं सांगा. पंचफुलाशी तुम्ही भाजीबद्दल कधी बोललात?"

"खरं?"

"खरं."

ते पायरीवर बसले. "तातेराव, मला मेथी आणि कोथिंबीर वास घेतल्याशिवाय वेगळी कळत नाही. आमच्याकडे भाजी आमची मंडळी बघायची, आता सून बघते. वहिनींना मी कढीपत्ता द्यायचो, कारण आमच्या घरी कुणाला आवडत नाही."

"मग पेढे कशाला वाटलेत?"

"तुम्ही म्हणालात, मी सांगितलं. तुम्ही रेकॉर्डचे माणूस. मला वाटलं, असेल."

नाव काढावं लागेल म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "सगळी एकोणीस? एक तरी ठेवा. शेपूचं ठेवा. शेपूनं कुणाचं वाईट होत नाही." मी नाही म्हणालो. दारावरचं प्लॅस्टिक त्यांनी स्वतःच काढलं. सकाळचा पेपर वाचून झाला की ते माझ्याकडे पाठवायचे, तो त्या दिवसापासून बंद झाला.

जोडलेल्या नोंदी सोडवायला बसलो तर लॅपटॉप म्हणाला, आधी ओळख पटवा. खातं उघडताना खातेदारानं निवडलेला प्रश्न पडद्यावर आला. रविवार होता, रेणुका आली होती. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तिनं बोट ठेवून वाचलं, "जोडी... दारा... जोडीदाराचे नाव. बाबा, सिंपल आहे. तुमचं नाव टाका."

तातेराव. चूक.

"इंग्लिशमध्ये टाका."

चूक. एक संधी शिल्लक, असं खाली आलं. तीही चुकली तर खातं कायमचं बंद.

रेणुका माझा हात धरून म्हणाली, "थांबा, थांबा. काही टाकू नका. आईनं कधी तुमचं नाव घेतलंय का हो?"

घेतलं नव्हतं. टेलिफोनवर दिवसाला हजार माणसांची नावं घेणारी बाई, तिनं एकेचाळीस वर्षांत माझं नाव घेतलं नाही. लोह्याजवळच्या तिच्या गावात तिच्या आईनं घेतलं नव्हतं, आत्यानं घेतलं नव्हतं, म्हणून हिनंही नाही. मी चेष्टा करायचो, तेव्हा म्हणायची, "जिभेला सवय नाही, आता कुठं लावू?" रेशन कार्डाच्या ऑफिसात कारकुनानं तिला विचारलं होतं, "शोहर का नाम बोलो अम्मा." ही मागं वळून मला म्हणाली, "सांगा की." कारकून म्हणाला, "साब, इनको आपका नाम नई मालूम क्या?"

"तुझ्या शाळेत काय म्हणायची ती?" मी विचारलं.

"शाळेत? सहलीच्या फॉर्मवर सही करायची असली की टीचरला म्हणायची, घरातल्यांना विचारून सांगते."

मी लॅपटॉप जवळ ओढला. मग रेणुका म्हणाली, "टाका, बाबा."

मी टाकलं. घरातले. खातं उघडलं.

रेणुका आधी हसली आणि मग स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

'घरातले' या नावाच्या सत्तावीस नोंदी यादीत होत्या. त्या मी बघितल्या होत्या. तिच्या माहेरचे लोक असतील असं समजून त्या माझ्या सासऱ्यांच्या नावावर एकत्र करायचं मी ठरवलं होतं. आता खातं पूर्ण उघडल्यावर प्रत्येक नोंदीशेजारी तिची खासगी टिपणं दिसत होती. त्यातलं एक असं : "हेमंत सर म्हणतात 'घरातले' चालणार नाही, व्यक्ती लिहा. यापुढे 'विद्यानगरचे एक गृहस्थ' लिहायचे."

सत्तावीस आणि एकोणीस. सेहेचाळीस. ते गृहस्थ मीच होतो.

मी ती सेहेचाळीस विधानं एकेक करून वाचली. करडईचा पाला धुऊन मग चिरावा, चिरून धुतला तर चव जाते. घोळीला इकडे गंगवायली म्हणतात, मुसलमान शेजारी कुल्फा म्हणतात. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी तिला हे कधी सांगितलं असणं शक्य नव्हतं. मग आठवलं. दुपारी मी पेपर वाचत असायचो. ती टेबलाशी बसून विचारायची, "अहो, अंबाडी झाकून शिजवली की काळी पडते ना?" मी म्हणायचो, "हं." ती लिहून घ्यायची. मल्लम्मानं सांगितलेलं, कुणी मावशीनं सांगितलेलं, स्वतःच्या हातानं केलेलं, ते ती एकदा मला विचारून पक्कं करायची आणि खाली माझा संदर्भ लावायची. तिची सेहेचाळीस विधानं माझ्या 'हं'वर उभी होती.

मी हेमंत यांना सगळं खरं लिहिलं. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं, आणि ते नेहमीपेक्षा लांब होतं. तीस दिवसांतले आठ उरले होते, ती मुदत आता पंचवीस दिवस केली होती. होकार हे विधान मानता येईल, असं त्यांनी लिहिलं होतं. मात्र नातेवाईक असल्यानं मला प्रत्येक विधानापुढे दोन गोष्टींची कबुली द्यावी लागेल : हे मला स्वतःच्या माहितीवरून ठाऊक आहे, आणि हे मी म्हटलं आहे. हो किंवा नाही. नाही असेल तर ते पान झाकलं जाईल.

रेणुका फोनवर म्हणाली, "सगळीकडे हो टाका ना, बाबा. कोण चेक करतंय?"

चौतीस वर्षांत मी न बघितलेल्या कागदावर सही केलेली नाही. याचा मला अभिमान आहे आणि बढती न मिळण्याचं कारणही तेच आहे. पण नाही टाकलं तर पंचफुलाची पानं जातील. मग एकच मार्ग उरला. मला ते सगळं माहीत करून घ्यावं लागणार होतं.

मंगळवारी अंबरपेठला गेलो. मल्लम्मानं विचारलं, "एम् कावाली, ताता?" म्हणजे काय पाहिजे, आजोबा. काय पाहिजे ते मला सांगता येईना. मी वही उघडून यादी वाचून दाखवली. तिनं वहीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. पिशवी पंचफुलाची होती. "अम्मा कुठं आहे?" तिनं तेलुगूत विचारलं. सात महिने तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं पदरानं तोंड दाबलं, मग यादीतली एकेक जुडी काढून पिशवीत भरली आणि पैसे घ्यायला नाही म्हणाली. मी ठेवले. तिनं परत केले. पुन्हा ठेवले. लोक बघायला लागले.

पुढचे तीन आठवडे मी पाला खाल्ला. अंबाडी एकदा झाकून आणि एकदा उघडी शिजवली; दोन्ही वेळा काळी पडली, कारण दोन्ही वेळा करपली. तिसऱ्यांदा फरक कळला. करडई चिरून धुतली आणि धुऊन चिरली, दोन ताटल्या मांडून डोळे मिटून खाल्ली. पंचफुलाचं बरोबर होतं. चुक्यात शेंगदाणे न घालता खाल्लं, तर दोन दिवस दातांना पाणीसुद्धा सोसवेना. इंदुताई डबा घेऊन आल्या, ओट्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, माणसं दुःखात अन्न सोडतात. तुम्ही चरायला लागलात." त्यांनी रेणुकाला फोन केला, की बाबांकडे लक्ष दे. रेणुकानं डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टरनं विचारलं, आहारात काय? मी सांगितलं. त्यानं लिहिणं थांबवलं.

कुर्डूनं झोप गाढ लागते, हे विधान अडलं. झोपलेल्या माणसाला स्वतःची झोप कशी कळणार? साक्षीदार लागत होता. मी वर गेलो. हिम्मतराव अजून रागात होते, पण असं काम त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. दुपारी मी कुर्डू खाऊन आडवा झालो आणि ते खुर्चीत बसले. माझ्याच खुर्चीत. उठलो तेव्हा त्यांनी सांगितलं, "एक तास चाळीस मिनिटं. पोस्टमन येऊन गेला, दार वाजवून गेला, तुम्ही हलला नाहीत. लिहा." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला.

पंचेचाळीस विधानं झाली. पंचेचाळीस ठिकाणी हो टाकलं आणि ते खरं होतं. हेमंत यांचे पंचेचाळीस वेळा आभाराचे संदेश आले. ते त्यांनी एकत्र का केले नाहीत ते मी विचारलं नाही.

उरलं चिवळीचं पान. चिवळ उन्हाळ्यात येते. बारीक पानांची, जमिनीला धरून वाढणारी, निवडायला जीव जातो. पंचफुला दोन-दोन तास निवडायची. पानाच्या शेवटी एकच ओळ होती.

"चिवळीची भाजी घरातल्यांना फार आवडते. संदर्भ : घरातले."

पहिला प्रश्न : हे आपल्याला स्वतःच्या माहितीवरून ठाऊक आहे का? हो. त्या भाजीसाठी मी उन्हाळ्याची वाट बघायचो. दुसरा प्रश्न : हे आपण म्हटलं आहे का?

मी खूप आठवलं. तिनं वाढलेलं आठवतं, ताट पुसून खाल्लेलं आठवतं. बोललेलं आठवत नाही. बाकीच्या पंचेचाळीस गोष्टी मला माहीत नव्हत्या आणि मी हं म्हणालो होतो. ही माहीत होती.

शेवटी हिम्मतरावांना विचारलं. आमच्या स्वयंपाकघराचा आवाज त्यांच्या गच्चीच्या जिन्यात जातो.

"मी कधी म्हणालो का हो, चिवळ आवडते म्हणून? तुम्ही ऐकलंत का कधी?"

या वेळी त्यांनी आधी आठवून बघितलं. हे त्यांच्या बाबतीत नवीन होतं.

"तुमचा हं ऐकलाय," ते म्हणाले. "तो वरपर्यंत यायचा. हे नाही ऐकलं. वहिनी भांडी घासताना म्हणायच्या, आज सगळी संपली. तेवढं ऐकलंय, तातेराव. ते पाहिजे असेल तर मी लिहून देतो. नाव नका घालू माझं."

मी हेमंत यांना विचारलं, रिकामं पातेलं हा संदर्भ धरता येईल का? त्यांनी लिहिलं की त्यांनी स्वतः तो धरला असता, पण फॉर्ममध्ये तशी सोय नाही. हो किंवा नाही. माझ्या वतीनं ते हो टाकू शकतात, कुणाला कळणार नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांचे आभार मानले आणि टाकू नका म्हणालो.

मुदत सोळा एप्रिलला संपली. बासष्ट पानं उघडी आहेत. चारशे चौदा संदर्भांपैकी चारशे तेरा एकत्र झाले, माझा दाखला धरून. लॅपटॉप इंदुताईंच्या विजयला दिलेला नाही. मल्लम्माकडे दर मंगळवारी जातो. तिच्याकडे चिवळ आली आहे. आणतो आणि निवडायला बसतो. चिवळीचं पान झाकलेलं आहे. त्यातल्या शेवटच्या ओळीचा एक संदर्भ राहिला आहे.